ब्रिटनमधल्या वेल्सचं मर्थर टिडव्हिल हे शहर नक्की कोणत्या काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) येतं? जुन्या कागदांवर दर वेळी वेगळं नाव का दिसतं?

तुम्ही लिहिलंय की जुन्या पत्रांचं भाषांतर करताना तुम्हाला चार पत्ते सापडले. एकावर ‘मर्थर टिडव्हिल, ग्लॅमॉर्गन’, दुसऱ्यावर ‘केव्हन, ब्रेकनशायर’, एका नव्या पाकिटावर ‘मिड ग्लॅमॉर्गन’ आणि आजच्या नकाशात नुसतं ‘मर्थर टिडव्हिल काउंटी बरो’. ही जागा एकच की चार, असा तुमचा प्रश्न आहे.

केव्हन आता मर्थरमध्येच मोडतं, त्यामुळे आजच्या हिशेबाने जागा एकच. आणि चारही पत्ते आपापल्या वर्षी बरोबर होते.

मी नऊ वर्षं केव्हनमध्येच राहते. पूर्ण नाव केव्हन कोइड अ कम्मर. कम्मर म्हणजे संगम. टॅफ नदीचे दोन प्रवाह, टॅफ व्हाउर आणि टॅफ व्हेखन, म्हणजे थोरली टॅफ आणि धाकटी टॅफ, इथे एकत्र येतात. घर घेतलं तेव्हा वकिलाने जुन्या खरेदीखतांचा एक गठ्ठा हातात दिला. वरचा कागद घडीवर फाटत आलेला, शाई तपकिरी पडलेली. त्यावर घराचं ठिकाण लिहिलं होतं ‘व्हेनॉर पॅरिश, ब्रेकन काउंटी’, म्हणजेच ब्रेकनशायर. मी गडबडले. घरपट्टी तर मर्थरच्या कौन्सिलला भरायची होती! सातबारा एका तालुक्याचा आणि घर दुसऱ्या तालुक्यात, असं काही तरी झालंय की काय, या भीतीने मी शोध सुरू केला, आणि मग त्यात गुंततच गेले. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी नावाचं. वेल्श भाषेत एकेरी ‘एफ’चा उच्चार ‘व्ह’ होतो, म्हणून टिडफिल नाही, टिडव्हिल. इथले लोक नुसतं ‘मर्थर’ म्हणतात. टिडव्हिल ही पाचव्या शतकातली संत. ती ब्रखन नावाच्या राजाची मुलगी आणि इथे मारली गेली, अशी आख्यायिका आहे. ‘मर्थर’ म्हणजे हुतात्म्याचं स्थान. या ब्रखनवरूनच ‘ब्रखाइनयॉग’ हे राज्याचं नाव पडलं आणि त्याचंच इंग्रजी रूप ब्रेकन. म्हणजे गाव ग्लॅमॉर्गनमधलं आणि त्याची संत ब्रेकनच्या राजघराण्यातली. शिवेपलीकडचं नातं या गावाच्या नावातच आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे डोंगरातलं, मेंढ्या पाळणारं गाव होतं. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा मुलूख. गरिबांना मदत, रस्ते, पट्टी, सगळं पॅरिशच बघे. मर्थरची पॅरिश मोठी होती, पण वस्ती विरळ. मात्र इथल्या जमिनीत लोहखनिज, दगडी कोळसा आणि चुनखडी अगदी जवळजवळ सापडत होती आणि डोंगरातून पाणी धावत होतं. लोखंड गाळायला आणखी काय लागतं? १७५९ साली डाऊलाइसचा कारखाना उभा राहिला, १७६३ मध्ये प्लिमथ, १७६५ मध्ये कव्हार्थव्हा आणि १७८४ मध्ये पेनीडॅरन. कव्हार्थव्हासाठी अँथनी बेकन आणि विल्यम ब्राउनरिग यांनी सुमारे चार हजार एकरांवरचे हक्क ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले, वर्षाला शंभर पौंडांवर. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी दोनदा तपासला. पुढे त्या जमिनीने कारखान्याचे मालक झालेल्या क्रॉशे घराण्याला किल्ल्यासारखा वाडा बांधण्याइतकी श्रीमंती दिली. तो कव्हार्थव्हा कॅसल १८२५ सालचा.

१७९४ मध्ये मर्थर ते कार्डिफ कालवा पूर्ण झाला. १८०४ च्या २१ फेब्रुवारीला रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या वाफेच्या इंजिनाने पेनीडॅरनहून अबरकननपर्यंत, नऊ मैलांहून जास्त, दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं रुळांवरून ओढून नेली. रुळांवर वाफेच्या इंजिनाने भार ओढल्याची जगातली ही पहिली नोंद, आणि ती या दरीतली. तो मार्ग आज पायवाट झालाय. काही ठिकाणी रुळांखालचे दगड अजून जमिनीत दिसतात, त्यांना खिळ्यांची भोकं आहेत. मी तिथे वाकून एका भोकात बोट घातलं होतं. आत पावसाचं पाणी साचलेलं होतं.

आता हद्दींकडे वळू, कारण खरी गुंतागुंत इथून सुरू होते.

१८०१ च्या जनगणनेत मर्थर पॅरिशमध्ये ७,७०५ माणसं होती. वेल्समध्ये याहून मोठी वस्ती नव्हती. आजची राजधानी कार्डिफ तेव्हा १,८७० माणसांची होती. पन्नास वर्षांत, १८५१ मध्ये, मर्थर ४६,३७८ वर गेलं. पण कायद्याच्या लेखी हे शहर नव्हतंच! ना महापौर, ना नगरपालिका. छेचाळीस हजार माणसांचा कारभार जुन्या गावच्या पॅरिशवर चालला होता, आणि खरी सत्ता होती चार कारखान्यांच्या मालकांकडे.

वस्ती वाढली ती भट्टीच्या भोवती. काउंटीची रेष कुठून जाते हे घर बांधणाऱ्याने पाहिलं नाही. ग्लॅमॉर्गन आणि ब्रेकनशायर यांची सीमा धाकट्या टॅफवरून जात होती. नदीच्या या बाजूला कव्हार्थव्हाच्या भट्ट्या, त्या बाजूला व्हेनॉर पॅरिशमधलं केव्हन. पुलावरून चालत गेलं की दहा-पंधरा मिनिटं. केव्हनचे लोक रोज सकाळी ग्लॅमॉर्गनमध्ये कामाला जायचे आणि रात्री झोपायला ब्रेकनशायरमध्ये यायचे. त्यांचा पगार मर्थरचा, बाजार मर्थरचा, आजारपणही मर्थरचंच. फक्त काउंटी वेगळी, आणि तिचं मुख्य ठिकाण ब्रेकन, डोंगर ओलांडून पलीकडे.

१८३१ च्या जूनमध्ये मर्थर पेटलं. पगार कापलेले, कर्जवसुलीचं न्यायालय लोकांच्या घरातलं सामान उचलून नेत होतं. हजारो कामगार रस्त्यावर आले आणि त्यांनी लाल बावटा उंचावला. ब्रिटनमध्ये कामगारांनी लाल निशाण हाती घेतल्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. ३ जूनला कासल इन या खानावळीसमोर सैनिकांनी गोळीबार केला आणि अनेक जण ठार झाले. ते सैनिक ब्रेकनहून आले होते, केव्हनवरून येणाऱ्या रस्त्याने. दुसऱ्या दिवशी उठाव करणाऱ्यांनी तोच रस्ता केव्हनजवळ अडवून धरला. पुढे रिचर्ड लुइस, ज्याला सगळे डिक पेंडेरिन म्हणतात, त्याला एका सैनिकाला जखमी केल्याच्या आरोपावरून १३ ऑगस्टला कार्डिफमध्ये फाशी दिलं. तो निर्दोष होता असं इथे आजही मानतात, आणि पुरावे वाचल्यावर मलाही तेच वाटतं.

दुसऱ्याच वर्षी, १८३२ मध्ये, पार्लमेंटच्या सुधारणा कायद्याने मर्थरला स्वतःचा खासदार मिळाला. डाऊलाइसचे मालक जोसाया जॉन गेस्ट निवडून आले. या मतदारसंघाची हद्द आखताना शेजारचं अॅबरडेअर तर घेतलंच, पण नदीपलीकडचं केव्हनही आत घेतलं. म्हणजे केव्हन हे मर्थरचाच भाग आहे हे लंडनच्या पार्लमेंटला १८३२ मध्ये कळलं होतं. काउंटीच्या कारभारात ते मर्थरमध्ये यायला १९७४ उजाडलं. मध्ये १४२ वर्षं गेली.

तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे १८३६ सालचं पुअर लॉ युनियन. गरिबांना मदत देण्यासाठी अनेक पॅरिशींची मोट बांधून एक युनियन करत. मर्थरच्या युनियनमध्ये ब्रेकनशायरमधल्या व्हेनॉर आणि पेंडेरिन या पॅरिशीही घातल्या होत्या. १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली ती याच युनियनच्या आखणीवर. त्यामुळे केव्हनमध्ये जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर नोंदणी जिल्हा ‘मर्थर टिडव्हिल’ आणि काउंटी ‘ब्रेकन’ असं एकाच कागदावर सापडतं. तुम्हाला असा दाखला मिळाला तर ती लिहिणाऱ्याची चूक समजू नका.

हद्द कागदावर राहिली तर फार बिघडत नाही. बिघडतं ते पाणी, गटार आणि पैसा यांच्यापाशी. १८४९ च्या कॉलराने मर्थरमध्ये चौदाशेहून जास्त माणसं गेली. त्या सुमारास सरकारी निरीक्षकाने जो अहवाल दिला त्यात बायका झऱ्यांपाशी तासन्‌तास, रात्र-रात्र रांगेत उभ्या असल्याचं वर्णन आहे. नदी भट्ट्यांच्या मळीने घाण झालेली, विहिरी कोरड्या. लाखो टन लोखंड जगभर पाठवणाऱ्या गावात प्यायला पाणी नव्हतं. १८५० मध्ये आरोग्य मंडळ आलं, पाण्याचे नळ यायला त्यानंतरही दहा-बारा वर्षं लागली. त्या रांगेतल्या बायकांबद्दल वाचलं की मला दुष्काळातल्या टँकरच्या रांगा आठवतात. कळशी खाली ठेवून नंबर धरणारी बाई कुठल्याही देशात तशीच उभी राहत असणार.

नगरपालिकेसाठी प्रयत्न अनेकदा झाले आणि अनेकदा बारगळले. १८९४ मध्ये अर्बन डिस्ट्रिक्ट कौन्सिल झालं, १९०५ मध्ये बरो, म्हणजे सनद असलेली नगरपालिका, आणि १९०८ मध्ये काउंटी बरो. काउंटी बरो म्हणजे काउंटीच्या हाताखाली नसलेलं, स्वतःच काउंटीसारखं वागणारं शहर. शाळा, रस्ते, पोलीस, सगळं स्वतःचं. इतकी वर्षं चर्चच्या पॅरिशवर रेटलेल्या गावाला केवढा अभिमान वाटला असेल! १९११ मध्ये लोकसंख्या ऐंशी हजारांच्या पुढे गेली. त्याहून मोठं मर्थर पुन्हा कधी झालं नाही.

तोवर लोखंडाचं दैव फिरलं होतं. पोलादाचा जमाना आला, खनिज स्पेनहून आणावं लागू लागलं, आणि डोंगरात भट्टी ठेवण्यापेक्षा बंदरावर ठेवणं स्वस्त पडू लागलं. डाऊलाइसच्या कंपनीने १८९१ मध्ये कार्डिफला समुद्राकाठी नवा कारखाना काढला. कव्हार्थव्हा पहिल्या महायुद्धानंतर कायमचा बंद पडला. १९३० मध्ये डाऊलाइसचं पोलादाचं मुख्य कामही थांबलं.

आणि नेमक्या त्याच वर्षी, १ एप्रिल १९३० ला, जुनी युनियनं मोडून गरिबांच्या मदतीचा बोजा काउंट्या आणि काउंटी बरोंवर टाकण्यात आला. माझ्या मते मर्थरच्या हद्दीच्या इतिहासातला हा सगळ्यात जीवघेणा क्षण आहे. शहर ग्लॅमॉर्गन काउंटीत असतं तर समुद्राकाठच्या सधन भागांच्या पट्टीतून इथल्या बेकारांना मदत गेली असती. पण मर्थरभोवती १९०८ ची अभिमानाची रेष होती. रेषेच्या आत बेकार माणसं, बंद कारखाने आणि रिकामी दुकानं. त्यांच्यासाठी पैसे काढायचे तेही रेषेच्या आतूनच. पट्टी वाढवली की उरलेली दुकानंही बंद पडत. १९३५ मध्ये सरकारने यावर रॉयल कमिशन नेमलं. त्याने काउंटी बरोचा दर्जा काढून घ्यावा अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. १९३९ मध्ये तर एका अभ्यासगटाने अख्खं शहरच सोडून द्यावं आणि लोकांना समुद्राकडे हलवावं असं सुचवलं. माणसं मात्र हलली नाहीत. काही गेली, पुष्कळ राहिली. १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये राजा आठवा एडवर्ड डाऊलाइसचा ओसाड कारखाना पाहून ‘काही तरी केलं पाहिजे’ असं म्हणाला होता. त्याने पुढच्याच महिन्यात गादी सोडली.

अबरव्हॅनबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. हे खाण कामगारांचं गाव मर्थर काउंटी बरोच्या हद्दीत, दरीत खाली. २१ ऑक्टोबर १९६६ ला सकाळी सव्वानऊच्या सुमारास डोंगरावरचा खाणीच्या टाकाऊ मातीचा सात नंबरचा ढीग घसरला आणि पँटग्लास शाळेवर कोसळला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. शाळेमागे चिखलमाती टाकणं धोक्याचं आहे असं बरोच्या इंजिनीअरने तीन वर्षं आधी, १९६३ मध्ये, राष्ट्रीय कोळसा मंडळाला लिहून कळवलं होतं. शाळा बरोच्या ताब्यातली, तिच्या डोक्यावरचा ढीग मंडळाच्या. पुढे उरलेले ढीग हटवायला लोकांनी देणगी दिलेल्या निधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले; ते १९९७ मध्ये परत मिळाले. मी कबरस्तानात एकदाच गेले आहे. डोंगराच्या उतारावर पांढऱ्या कमानींची लांबच लांब रांग आहे, खालच्या रस्त्यावरूनही दिसते. कमानींवरची वयं वाचवत नाहीत.

पुढचं भरभर सांगते. १९७४ मध्ये ग्लॅमॉर्गनचे तीन तुकडे झाले. मर्थरचा काउंटी बरो दर्जा गेला आणि ते मिड ग्लॅमॉर्गन या नव्या काउंटीतला एक जिल्हा झालं. त्याच वेळी ब्रेकनशायरमधून व्हेनॉर, म्हणजे आमचं केव्हन, आणि पूर्वेकडून गेलिगाएरमधलं बेडलिनॉग मर्थरमध्ये आलं. १ एप्रिल १९९६ ला मिड ग्लॅमॉर्गनचा कारभारच गुंडाळला गेला आणि मर्थर पुन्हा काउंटी बरो झालं, या वेळी केव्हनसह. आज इथे साठ हजारांच्या आतच लोक आहेत, आणि लोकसंख्येने वेल्समधल्या २२ कौन्सिलांत हे सगळ्यात लहान. २०१४ मध्ये एका आयोगाने शेजारच्या रॉन्डा कनन टॅफमध्ये ते विलीन करावं असं सुचवलं होतं, तेही राहिलं. मतदारसंघाचं म्हणाल तर १९८३ पासून मर्थरची जोडी रम्नीशी होती. २०२४ मध्ये ती तोडून मर्थर पुन्हा अॅबरडेअरला जोडलं, जसं १८३२ मध्ये होतं.

केव्हनच्या थोडं वर व्हेनॉरचं जुनं चर्च आहे. तिथे रॉबर्ट थॉम्सन क्रॉशे पुरलेला आहे, कव्हार्थव्हाचा शेवटचा मोठा मालक. १८७४ मध्ये कामगारांशी वाद झाल्यावर त्याने भट्ट्या थंड केल्या आणि जिवंत असेपर्यंत पेटवल्या नाहीत. १८७९ मध्ये तो गेला. कबरीवर गाडीएवढी मोठी दगडी शिळा, आणि तिच्यावर नावाखाली तीनच शब्द, मराठीत ‘देवा, मला क्षमा कर’. ज्या शहरावर त्याच्या घराण्याने राज्य केलं त्याच्या हद्दीबाहेर, तेव्हाच्या ब्रेकनशायरमध्ये, तो पंचाण्णव वर्षं झोपला होता. १९७४ मध्ये हद्द सरकली आणि तो मर्थरमध्ये आला.

आता तुमच्या पत्रांविषयी. ‘केव्हन, ब्रेकनशायर’ असेल तर पत्र १९७४ पूर्वीचं धरा. भाषांतरात मूळ काउंटी तशीच ठेवा आणि तळटीपेत ‘आता मर्थर टिडव्हिलमध्ये’ एवढं लिहा. ‘मिड ग्लॅमॉर्गन’ बहुतेक १९७४ ते १९९६ मधलं असेल, पण सवयीने लोक त्यानंतरही पत्त्यात ते लिहीत राहिले, म्हणून पोस्टाचा शिक्का पाहून घ्या. घरमालकीची किंवा चर्चची मूळ नोंद शोधायची असेल तर मर्थरच्या जुन्या पॅरिशसाठी कार्डिफच्या ग्लॅमॉर्गन अर्काइव्हजमध्ये विचारा. व्हेनॉरसाठी ब्रेकनशायरचे काउंटीचे कागद लँड्रिंडॉड वेल्सच्या पॉविस अर्काइव्हजमध्ये आहेत. मी माझ्या घरासाठी आधी चुकीच्या ठिकाणी गेले होते, एक अख्खा दिवस गेला. केव्हनच्या पत्रावर गल्लीचं नाव असेल तर इथे लिहा, मी चालत जाऊन ती अजून आहे का ते बघून सांगते.